थंड मसाला

२९ मार्च
डॉक्टर म्हणाले, राग आला की लिहून काढा, फेकू नका. कळंबोलीच्या लोखंडवाल्याने दिवाळीला दिलेली डायरी कामी आली.

मुळात मला राग येत नाही. लोक आणतात. काल कालवण खारट होतं म्हणून ताट भिंतीवर गेलं, एवढंच. मधे घड्याळ होतं, त्याला मी काय करणार?

बायकोने प्रणित आणि सूनबाईसमोर जाहीर केलं, आता भिंतीवर एक जरी भांडा आपटलाव, त मी जासयला भावाचे घरा जाईन, परत येवाची नाय. ओरडली असती तर मला काही वाटलं नसतं. ती शांतपणे म्हणाली. मी घाबरलो. खरंच घाबरलो. जनी गेली तर या घरात मीठ कुठे ठेवतात तेही मला माहीत नाही.

संकल्प: यापुढे एकही भांडं नाही.

१ एप्रिल
भिंत आकाशी रंगवून घेतली. आकाशी रंगाने डोकं शांत राहतं. पेंटरला ढकललं, पण शिडीवरून नाही. तो खाली उभा होता.

१ एप्रिल, दुपारी
कारण सापडलं! मोबाइलवर व्हिडिओ बघितला. मिरचीने उष्णता, उष्णतेने राग. लख्ख प्रकाश पडला. आमच्यात बाबा तापट. आजोबा तर इतके तापट की मिठागराच्या बांधावरून भांडण झालं तेव्हा त्यांनी एका माणसाला चिखलात गळ्यापर्यंत पुरला आणि घरी येऊन जेवले. काय जेवले? हाच मसाला. म्हणजे दोष माणसांचा नाही, रेसिपीचा आहे.

आईचा मसाला हेल्दी करायचा. लवंगी मिरची बंद, त्याऐवजी बीटाची पावडर. रंग येतो, आग नाही. काळ्या मिरीऐवजी बडीशेप. सुक्या खोबऱ्याऐवजी जवस. नाव पण ठरवलं, थंड मसाला. एका वर्षात घराचा स्वभाव बदलून दाखवतो.

जनीला सांगितलं. ती म्हणाली, मिरची बिचारी गप हाय, बोंबलताव तुमीच.

चप्पल फेकली. चप्पल भांड्यात येत नाही.

७ एप्रिल
जनीने वर्षाच्या मसाल्यासाठी गच्चीवर वाळवलेल्या मिरच्या मी पोत्यासकट शेजारी थोरल्या भावाकडे, काशिरामदादाकडे देऊन टाकल्या. घरात मोह नको.

दादा भडकला. आयचा मसाला हाय तो, त्यान बीट टाकतंस? असं म्हणाला. बघा, हीच ती उष्णता. मी थंड डोक्याने समजावलं. समजावताना त्याच्या ओटीवरची खुर्ची मोडली. प्लास्टिकची होती. भामावहिनी मिरच्यांचं पोतं घेऊन हसत आत गेली. हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

९ एप्रिल
मसाला कुटायला स्वतः डंकीवर गेलो. डंकीवाला भगवान बीटाची पिशवी बघून म्हणाला, हे माझ्या डंकीत नाय जानार, मागच्या बायांचा मसाला गुलाबी होईल. मी त्याला आरोग्याचं महत्त्व सांगितलं. त्याने माझी पिशवी रस्त्यावर ठेवली. मी त्याची कॉलर धरली. त्याने माझे केस धरले. मी त्याला मिरच्यांच्या ढिगात पाडला, तो मला घेऊनच पडला. मग दोघांना शिंका. गुद्दा उगारला की शिंक. अर्धा तास मारामारी झाली, एकही गुद्दा नीट लागला नाही. रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून बघत होत्या.

शेवटी घरच्या मिक्सरवर केला. मिक्सर जळला. मिक्सर मशीन आहे, भांडं नाही. पण मसाला झाला! रंग जरा गुलाबी. वास जरा मुखवासासारखा. चालेल.

१५ एप्रिल
आजपासून बोंबील तळायचे नाहीत, एअर फ्रायर. बोंबलांचं पाणी सुटलं, मग सगळे चिकटले. उलथण्याने निघेनात, चाकूने निघेनात. शेवटी नारळाच्या कोयत्याने काढले. फ्रायर आता दोन भागांत आहे. अंगठ्याला तीन टाके.

डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि विचारलं, डायरी लिहिता ना? लिहितो म्हटलं. बीपी जास्त दाखवतं. त्यांचं मशीन जुनं आहे, तेही सांगितलं. कंपाउंडर मधे पडला म्हणून वाद मिटला.

२२ एप्रिल
यश! घरात शांतता. प्रणित जेवताना जोक सांगतो. सूनबाई भात मागून घेते. जनी कोलंबीचं कालवण वाढताना चक्क गुणगुणत होती. इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. काळजात हललं. सगळा मसाल्याचा परिणाम.

मला स्वतःला चव जरा कमी वाटते. पण जनी म्हणते, तुमचा वायला काढून ठेवलाय, तुमी पेशंट हाव, आधी तुमी जेवा. किती काळजी घेते.

साइटवर खडी घेऊन आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला कानाखाली दिली. पण अजिबात न रागावता.

२६ एप्रिल
पहाटे फिरायला कर्नाळ्याला. सोबत गूळ-तुपाऐवजी खजूर आणि ओट्स घालून केलेले लाडू. एका माकडाने हातातला लाडू पळवला, हुंगला आणि माझ्याच अंगावर परत फेकला. मी दगड मारला. दगड गाडीच्या काचेवर. गाडीवाला पैलवान निघाला. डोळा सुजला आहे, पण मन शांत.

३ मे
प्रयोग पूर्ण यशस्वी म्हणायला हरकत नाही. गेल्या आठवड्यात घरात फक्त मीच ओरडलो. बाकी कोणीही नाही.

पुढच्या रविवारी काशिरामदादा आणि वहिनीला जेवायला बोलावतो. थंड मसाल्यात मटण करायला सांगतो. दादाने माझ्यासमोर कान पकडले पाहिजेत.

१० मे, रविवार
लिहितो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून लिहितो.

दादाने रस्सा तीनदा घेतला. घाम पुसत होता, बोटं चाटत होता. म्हणाला, आयच्या हाताची चव हाय. माझी छाती भरून आली. मग म्हणाला, बाकी सगली थंड झाली, तुजाच डोका कसा गरम रं? सगळे हसले. जनी पण हसली.

माझी वाटी गेली. कशी गेली ते आठवत नाही. आकाशी भिंतीवर मोठा गुलाबी डाग. तेवढ्याने बरं वाटेना आणि माझ्यापुढे फेकण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून प्रणितची वाटी उचलली आणि फेकली. गुलाबी डागाच्या शेजारी लालभडक डाग. लाल. रस्सा माझ्या हातावरही सांडला होता. बोट चाटलं. जिभेला आग लागली. अंगठ्याच्या परत उसवलेल्या जखमेवर गेलं तेव्हा तर मी उडालोच.

घरात आईचा मसाला होता. वहिनीने आमच्याच मिरच्या कुटून जनीला बरणी भरून दिली होती. पहिल्या दिवसापासून दोन टोप चढत होते. एक मोठा, सगळ्यांचा. एक छोटा, माझा. एवढे दिवस सगळं घर लवंगी मिरची खाऊन हसत होतं आणि थंड मसाला मी एकटा खात होतो.

मी ओरडलो की ही फसवणूक आहे. जनी हात धुऊन आली. म्हणाली, मिरची खाल्ली आमी, बोंबलला कोन?

मग ती आत गेली आणि बॅग घेऊन आली. बॅग भरलेलीच होती. कधीपासून भरलेली होती, देव जाणे.

११ मे
सूनबाई माहेरी. प्रणित दादाकडे झोपतो. समोरून गेला, मान वर केली नाही. लहान होता तेव्हा माझी बाइक वाजली की कपाटाआड जायचा. आज तसाच गेला.

पुरावा खोटा आहे असं नाही. पण एका घरावरून निष्कर्ष काढता येत नाही.

१४ मे
स्वतः भात लावला. साधा भात. मीठ सापडेना. सगळे डबे जमिनीवर ओतले, तरी नाही. जासईला फोन केला. मेव्हण्याने उचलला. जनीला फोन दे म्हटलं, तर ती येईना. मग मीठ कुठे आहे ते तरी विचार म्हटलं. मागून तिचा आवाज आला, हाय तयाच हाय. एवढंच. तो आवाज ऐकून रडू आलं. ये म्हणायचं होतं. मेव्हण्याला दोन शिव्या दिल्या आणि फोन ठेवला.

अळणी भात खायला बसलो. मधे कच्चा, खाली करपलेला.

आता भिंतीवर गुलाबी आहे, लाल आहे आणि पांढरा आहे. टोप दाराशी पडलाय. त्या पांढऱ्यात मसाला नाही, तेल नाही, मीठसुद्धा नाही. समोर राग आणायला कोणी माणूसही नव्हतं. शितं एकेक करून खाली पडत होती.

तांदूळच असणार. उद्या हातसडीचा आणतो.