मालगुजार आणि पाच पांढरे

२२ नोव्हेंबर १९५६

कोंबडी बसली एकदाची! कोंबडी नीलाबाईची, अंडी नीलाबाईची, टोपली आणि तणससुद्धा नीलाबाईचं. माझं म्हणावं असं त्यात फक्त कौतुक. ही शेजारीण नसती तर या कोसमटोल्यात मी कधीच वेडी झाले असते. चारी बाजूंनी जंगल, आणि मधोमध आम्ही दोघं!

आमच्या ह्यांना मात्र हा प्रकार पसंत नाही. हे पडले ग्रामसेवक. गाव सुधारायला सरकारने ह्यांना पाठवलं, आणि ह्यांच्या मागे मला. ह्यांच्याकडे कोंबड्या पाळण्याचं सरकारी पुस्तक आहे. त्यात म्हणे अंडी यंत्रात उबवतात. यंत्राला वीज लागते. वीज इथे फक्त पावसाळ्यात, तीही आभाळात.

"मंग यंत्र येईपर्यंत अंडे थांबतीन काय?" मी विचारलं.

"पुस्तकात तसं काई देल्लं नाई," म्हणाले. अगदी गंभीरपणे!

नीलाबाईने एकेक अंडं मुठीत धरून उन्हाकडे करून पाहिलं, वांझोटी बाजूला काढली, तणसाखाली एक कोळसा ठेवला आणि कोंबडीला वर बसवलं. कोंबडीने पुस्तक वाचलेलं नाही. त्यामुळे ती न विचारता कामाला लागली.

१४ डिसेंबर

पिल्लं निघाली! कबरी, राखी, आणि एक तांबडं. चिवचिवाटाने घर भरलं. माहेर सोडल्यापासून घरात असा आवाज नव्हता.

पुस्तकात पिल्लांना मासळीचं पीठ लिहिलंय. ह्यांनी लगेच ब्लॉकच्या कचेरीला अर्ज खरडला. तेवढ्यात नीलाबाईने वारुळाचं एक ढेकूळ आणून परसात आपटलं. वाळवी वळवळत बाहेर आली आणि पिल्लं तुटून पडली. पिल्लांची पोटं भरली. अर्ज अजून पाकिटात आहे.

२ जानेवारी १९५७

परसात खड्डा करून चुलीतली राख टाकली. कोंबडी त्यात मनसोक्त लोळते, अंगातल्या उवा झडतात. खुराड्यात निर्गुडीच्या फांद्या. हे म्हणाले, "हे पावडर कुठून मागवलं?" म्हटलं, "चुलीतून."

त्या तांबड्या पिल्लाचा तोरा काय सांगावा! तांदळाची कनकी टाकली की आधी सगळ्यांना हुसकतं आणि मग छाती काढून नुसतं उभं राहतं. आईच्याही पाठीवर चढून बसतं. नाव ठेवलं मालगुजार, जुन्या जमीनदारांसारखं. मालगुजारी जाऊन वर्षं झाली, पण ह्याला कोणी कळवलेलं दिसत नाही.

११ जानेवारी

सरकारी कोंबडे आले! बैलबंडीतून, पिंजऱ्यात, सोबत पत्रू शिपाई. पाच नग. पांढरेशुभ्र, तुरे लालभडक, पायात सरकारी कडं आणि कड्यावर नंबर. नवरदेवासारखे उतरले, आणि उतरताक्षणी पाचही जण बंडीखाली सावलीत जाऊन उभे राहिले. विलायती जात आहे म्हणे.

ब्लॉकच्या साहेबांचा हुकूम असा. गावातले सगळे देशी कोंबडे काढून टाका, म्हणजे पुढची पिलावळ आपोआप सुधारेल. पांढऱ्यांना कोणी हात लावायचा नाही, ती सरकारी मालमत्ता. मेलाच एखादा, तर त्याचं कडं कचेरीत जमा करायचं.

हे घरोघर जाऊन हुकूम सांगून आले. 'काढून टाका' म्हणजे काय, ते गावाला समजावून सांगावं लागलं नाही. संध्याकाळी घराघरातून रश्श्याचा वास! ह्यांच्या नोकरीत इतकी झटपट पार पडलेली ही पहिलीच योजना.

मालगुजाराचं काय, असं ह्यांनी विचारलं. म्हटलं, ते पिल्लू आहे, कोंबडा नाही. हे गप्प. ह्यांचं एक बरं आहे, गप्प बसवायला फार कष्ट पडत नाहीत.

२७ मार्च

गावभर पांढरी पिल्लं! आई काळी, पिल्लं पांढरी. आई कबरी, पिल्लं पांढरी. ह्यांचे पाय जमिनीला लागेनात. चार पानी अहवाल लिहिला, आणि मला वाचूनही दाखवला. चारही पानं!

दुपारी सुकलू आला. नीलाबाईचा नवरा, आणि गावदेवाचा पुजारीही तोच. पिल्लांकडे बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "बाबू, पेरणीच्या आधी आमचं पंडुम रायते. देवाले तांबडा कोंबडा लागते. आता तांबडा कुठून आणू?"

पंडुम म्हणजे त्यांचा सण. हे म्हणाले, "मंग पांढरा द्या ना! चांगला वजनदार आहे."

सुकलूने चिलीम झटकली. "बाबू, तुमी सायबाले चाय देता. एकदा त्याच्या जागी मीठपानी देऊन पाहा बरं."

मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. ह्यांनी मात्र वहीत टिपून घेतलं — 'रंगाबाबत लोकांत गैरसमज.'

९ एप्रिल

पांढरं पिल्लू घारीला लांबून दिसतं. हे पुस्तकात नाही. आजही एक गेलं.

२८ एप्रिल

ऊन असं की कौलं तडकतील. गावच्या कोंबड्या सावलीत माती उकरून तिच्यात बसल्या आहेत. विलायती पाचजण मात्र चोची वासून धापा टाकतात. त्यांच्या डालग्यावर ओलं पोतं टाकते, दिवसातून कितीदा तरी पाणी बदलते. आज तर पंख्याने वारा घातला! सरकारी मालमत्ता ना. मला इकडे कोण वारा घालतंय?

१७ मे

साहेब तपासणीला आले. मालगुजार आता चांगलाच वाढलाय, शेपटीला निळा-काळा झुपका. त्याला मागच्या परसात डालग्याखाली कोंडला, वरून पोतं.

साहेब बाजेवर बसले, चहा झाला. "मग, देशी कोंबडा गावात एकही नाही ना?" असं त्यांनी विचारलं आणि ह्यांनी "नाही साहेब" म्हणायला तोंड उघडलं — तोच मागून आरवला! जन्मात पहिल्यांदा! घशात अडकलेला, फाटका आवाज, पण आरवला. मूर्खाला आजचाच मुहूर्त सापडला!

मग हे म्हणाले, "रानकोंबडा असेल साहेब. जंगल जवळच आहे."

साहेब म्हणाले, "फारच जवळ दिसतंय." आणि हसून विषय सोडला. पत्रू शिपाई मात्र वाकून वाकून मागच्या परसाकडे बघत होता.

ह्यांच्या आयुष्यातली ही पहिली थाप असावी. कान तुऱ्यासारखे लाल! साहेब गेल्यावर तांब्याभर पाणी प्यायले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. एवढ्याशा थापेला एवढा घाम! मला वाटतं, ह्यांच्याही पायात एक सरकारी कडं आहे. दिसत नाही इतकंच.

३ जून

जे व्हायचं तेच झालं. सुकलू आणि नीलाबाई दोघं आले. नीलाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, गावात तांबडा एकच हाय."

नाही कोणत्या तोंडाने म्हणू? अंडं तिचं, कोंबडी तिची. आणि हे मध्येच म्हणाले, "त्यायचे कोंबडे आपूनच काढाले लावले." खरं आहे. खरं बोलायला ह्यांना नेमका आजचाच दिवस सापडला!

त्यांची रीत अशी. देवापुढे तांदूळ ठेवतात. कोंबड्याने ते टिपले तर देवाला तो पसंत, मग मान जाते. नाहीच टिपले तर देवाला नको, सोडून द्यायचा. सोडला की तो देवाचा. मग त्याला कोणी विकत नाही, कापत नाही, हातसुद्धा लावत नाही.

रडले मी. कोंबड्यासाठी! लिहायलाही लाज वाटते. पण पायात पायात करणारं, हाक मारली की धावत येणारं या जंगलात माझं दुसरं आहे तरी कोण?

नाहीच टिपले तर... हे काही डोक्यातून जात नाही.

५ जून

सकाळपासून मालगुजाराचा पाहुणचार. आधी कनकी. मग वारूळ आपटलं. मग भात. मग पुन्हा भात, तूप घालून! जावयालाही कोणी एवढं वाढत नाही. गळ्याखालची पिशवी तट्ट फुगली, चालताना तोल जाऊ लागला. हे दारात उभे राहून बघत होते.

बायकांनी देवाजवळ जायचं नसतं. मी आणि नीलाबाई लांब मोहाच्या झाडाखाली उभ्या. सुकलूने तांदूळ ठेवले. मालगुजाराने बघितलं आणि डोळे मिटले. सुकलूने तांदूळ पुढे सरकवले. मालगुजाराने मान वळवली, पंगतीत 'नको नको' म्हणणाऱ्या व्याह्यासारखी. पुन्हा सरकवले, पुन्हा तेच. शेवटी सुकलूने त्याला उचलला आणि सोडून दिला. देवाने अंड्यावर भागवलं.

परत येताना नीलाबाई एवढंच म्हणाली, "देवाचं पोट आज आधीच भरलं होतं वाट्टे." मी रस्त्याकडे बघत चालले.

८ जून

मालगुजार आता देवाचा. कोणाच्याही अंगणात शिरतो, कोणाच्याही सुपात चोच घालतो. कोणी हाकलत नाही. मालगुजारी परत आली!

१४ जून

पावसाने वाट बंद व्हायच्या आधी साहेबांचा शेवटचा दौरा. ह्यांना आल्या आल्या पलीकडच्या वस्तीवर खताचे खड्डे बघायला पिटाळलं. इकडे पत्रू पातेल्यात कापलेला कोंबडा घेऊन दारात हजर. "बाई, सायबाले तुमच्या हातचा रस्सा पाह्यजे."

"गावात कोंबडा भेटला कुठी तुले?" मी विचारलं.

"भेटला एक. सायेब म्हने, रानकोंबडा हाय."

मी मनात म्हटलं, जंगलात फासे लावले असतील. खोबरं भाजलं, मसाला वाटला, वर बोटभर तर्री आणली. साहेबांनी बोटं चाटली. म्हणाले, "गावरान ते गावरान. ह्या पांढऱ्यांना ही चव नाही." सरकारी मालमत्तेची चव साहेबांना कशी ठाऊक, ते विचारायचं राहिलं. पण खरं सांगते, मी फुगले. या गावात माझ्या हाताला नाव ठेवणारा नाही तसा नाव घेणाराही नाही.

जेवून साहेब तसेच निघाले. जीपवर चढताना ढेकर दिली.

दिवेलागणीला मालगुजाराला हाका मारल्या. आला नाही. साहेब उतरले होते त्या झोपडीमागे तांबडी पिसं पडली होती. आणि तो निळा-काळा झुपका.

रस्सा मी केला.

१५ जून

देवाकडे गेला असता तर गावासमोर, मानाने गेला असता. मी मोठी हुशार! तूपभात घालून देवाकडून सोडवला, तो साहेबांच्या ढेकरेसाठी. देवाने सोडला, साहेबांनी नाही सोडला.

१६ जून

मोहाखाली पंच बसले. देवाचा कोंबडा खाल्ला, तर दंड आहे. दंड म्हणजे अख्ख्या गावाला रश्श्याचं जेवण. खाणारा तर जीपमधून निघून गेला. सगळे ह्यांच्याकडे बघू लागले. सुकलू रागावलासुद्धा नव्हता. म्हणाला, "बाबू, आमी तुमचं आयकलं. तुमी सांगितलं तसं केलं. आता तुमी सांगा."

हे खाली बघून म्हणाले, "उद्या सांगतो."

उद्या! म्हणजे आज अर्ज लिहिणार, वर पाठवणार, उत्तराची वाट बघणार. मी घरी येऊन भांडी आपटली. म्हटलं, "कडं टोचून राह्यलं का पायाले?" ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि कागद घेऊन लिहायला बसले. अर्जच! नशीब माझं!

१७ जून

सकाळी हे विळा घेऊन परसात गेले. पाचही पांढरे स्वतः कापले. ज्या माणसाने कधी भोपळा कापला नाही, त्याने! स्वतःचं बोटही कापून घेतलं. सुकलूला म्हणाले, "कोंबडा सरकारनं खाल्ला. दंड बी सरकारच भरन."

रस्सा मी केला. अख्खं गाव जेवलं.

मग ह्यांनी पाचही कडी धुतली, दोऱ्यात ओवली आणि साहेबांकडे पाठवली. कालचा कागदही सोबत होता. तो अर्ज नव्हता, राजीनामा होता. दोऱ्यात कडी पाचच होती. पण मला सहा दिसली.