पितळी टोपण

ग्रानवोग, ८ मे १९८८

चि. सिव हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तळ्यावरचा बर्फ परवा फुटला. मी बरी आहे, तुस्सा माझ्याहून बरी आहे. शिकारी कुत्री कसली, दिवसभर दाराशी कान टवकारून बसते. शेजारचा तोरवाल्ड रोज माझ्याकडची कॉफी पितो आणि तिलाच नावं ठेवतो.

पत्रास कारण की, मला रायफलीसाठी नवी दुर्बीण हवी आहे. तू बंदुकांच्या दुकानात नोकरीला, वर तीनशे मीटरवरचे निशाणाचे कागद फोडणारी. तुला नाही विचारायचं तर कुणाला? गेल्या सप्टेंबरातलं तुला फोनवर सांगितलं होतंच. मूस हरणाची थोराड मादी, सत्तर मीटरवर आडवी उभी. मी खांद्यामागे नेम धरला. ती पडली, उठली आणि झाडीत गेली. तुस्साने तिला शोधून काढेपर्यंत दीड दिवस ती जिवंत होती. एकोणीस वर्षं मी गावच्या शिकारी गटाची म्होरकी होते, ते पद मी त्याच आठवड्यात सोडलं. आदल्या रविवारी तू माझ्याच रायफलीने स्पर्धेत चांदीचा चमचा मिळवलास आणि सोमवारी मी तिच्याने नाक कापून घेतलं. म्हणजे रायफल धड आहे, बाई बिघडली आहे.

तेव्हापासून मी एकही गोळी झाडलेली नाही. पण मन ठरत नाही. २१ ऑगस्टला गटाची बैठक आहे, तेव्हा शिकारीला दबा धरायच्या जागा वाटतील. तोवर नव्या दुर्बिणीने हात बसला तर दलदलीकडची माझी चार नंबरची जागा मागेन. नाही बसला तर शिकार बंद, आणि तुस्सा तोरवाल्डला देऊन टाकेन. तिला चुलीपाशी बसवून ठेवणं मला जमणार नाही.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू दे.
गुनबोर्ग आत्या


योतेबोर्ग, १९ मे १९८८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दुकानात आठ पट मोठं दाखवणारी एक जर्मन दुर्बीण आली आहे. पुढचं भिंग चांगलं छप्पन्न मिलिमीटरचं, संध्याकाळी सगळ्यांचं दिसणं बंद झालं तरी तिच्यातून दिसतं. जरा जड आहे, पण तुझे खांदे मजबूत आहेत. हवी तर उद्या पाठवते. माझ्याकडून भेट समज.

जुनी मात्र काढून माझ्याकडे पाठवून दे. तिच्याशी खटपट करत बसू नकोस आणि तपासायच्या फंदातही पडू नकोस. बारा वर्षं झाली तिला, आत काहीतरी सैल झालं असणार.

आणि आत्या, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. अशा गोष्टी कुणाकडूनही होतात.

माया पातळ करू नकोस.
सिव


ग्रानवोग, १२ जून १९८८

चि. सिव हिस,
अनेक आशीर्वाद.

आठ पट मोठं करून मी मूसच्या पापण्या मोजू की काय? अगं, रेंजवरच्या कागदाला कुठे जायची घाई नसते. जंगलात जनावर दोन झाडांच्या फटीत येतं आणि जातं. तिथे भोवतालचं रुंद दिसायला हवं, नाही तर सगळ्या दुर्बिणीत नुसती तपकिरी लव भरते आणि डोकं कुठलं, ढुंगण कुठलं, ते कळत नाही. तोरवाल्ड म्हणतो की तुमच्या भाचीला शहराची हवा लागली. मी त्याला म्हटलं की तिला लागली ती पुरे, तू तुझं तोंड सांभाळ.

आणि ती तुम्हा स्पर्धावाल्यांची तऱ्हा, वरची कडी फिरवून अंतर लावायचं, तीही मला नको. माझ्या दुर्बिणीच्या कडीवर पितळी टोपण आहे. पहिल्या वर्षी रायफल बसवली तेव्हा ते घट्ट केलं, त्यानंतर मी उघडलेलं नाही. मला कमी पटीची, जाड नेमरेघांची, साधी दुर्बीण हवी.

कुणाकडूनही होतं, हे वाक्य मला परत लिहू नकोस. तिचं पाडस दोन दिवस दलदलीभोवती फिरत होतं. मी ते पाहिलंय.

लोभ आहे. रागावले असले तरी आहे.
आत्या


योतेबोर्ग, २७ जून १९८८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझंच खरं. चार पटीची दुर्बीण आजच पार्सलने पाठवली आहे. नेमरेघा जाड आहेत. की दीड ते सहा पटीपर्यंत बदलणारी पाठवायला हवी होती? दोन दिवस दोन्ही काउंटरवर ठेवून बघत होते. मालक म्हणाला की बाई, गिऱ्हाइकाला इतका वेळ लावलास तर दुकान बुडेल.

एकदा डोळेही तपासून घे. साठीत डोळ्यांचं काही सांगता येत नाही. त्यात लाजण्यासारखं काय?

मी हल्ली रेंजवर जात नाही. वेळच होत नाही. जुनी दुर्बीण अजून आली नाही, ती तेवढी पाठवच.

आठवण ठेव.
सिव


ग्रानवोग, १ ऑगस्ट १९८८

चि. सिव हिस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं, उघडलेलं नाही. दोन पत्रांत तीन सल्ले देणारी सिव मला ओळखू येईना. लहानपणी तुला रायफल धरायला शिकवली तेव्हा एकदा नेम धरलास की हलत नव्हतीस.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तो म्हणाला की चाळिशीतल्या बाईला शोभतील असे डोळे आहेत. आनंद व्हायला हवा होता. पण डोळे चांगले म्हणजे हातच गेले, आणि हातांना कुठलं भिंग बसवणार? बसमधून येताना मी ते मांडीवर ठेवून बघत होते. दिसायला तर तसेच आहेत.

तेव्हा ठरलं. बैठकीत मी जागा मागणार नाही. तुस्सा तोरवाल्डकडे जाईल आणि रायफलही त्यालाच देते, जुन्या दुर्बिणीसकट. वापरण्याआधी नेम तपासून घे म्हटलं तर म्हणतो, गुनबोर्गची रायफल तपासायची म्हणजे पाद्र्याला प्रार्थना येते का ते विचारायचं. सप्टेंबरात शिकार उघडते त्या पहिल्या सोमवारी तशीच घेऊन जाणार म्हणे.

तुझी दुर्बीण परत पाठवीन. राग मानू नकोस.
आत्या


योतेबोर्ग, ४ ऑगस्ट १९८८

ती. आत्यास,

तोरवाल्डला रायफल देऊ नकोस. आधी हे पत्र वाच.

टोपण मी उघडलं होतं. त्या रविवारी, स्पर्धेत. तीनशे मीटरवर गोळी खाली पडते म्हणून कडी चौदा घरं वर घेतली. दुसरा नंबर आला, चमचा मिळाला, सगळ्यांनी पाठीवर थापा मारल्या, माझी गाडी सुटायची वेळ झाली. टोपण लावलं, रायफल पुसली, तुझ्या कपाटात ठेवली. कडी परत खाली आणली नाही.

चौदा घरं म्हणजे सत्तर मीटरवर दहा सेंटिमीटर वर. तुझा नेम बरोबर होता. गोळी कण्याच्या वरच्या हाडाला लागली, म्हणून ती पडली आणि म्हणूनच उठली. तू फोनवर पडली आणि उठली म्हणालीस तेव्हाच मला कळलं. रिसीव्हर हातात होता, सांगायला तोंड उघडलं, आणि मी तुला हवामान विचारलं. त्यानंतर रोज वाटायचं, नवी दुर्बीण घेतलीस की हे मिटेल. तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, आत्या. तुझे डोळे मला माहीत असताना.

चमचा सोबत पाठवते आहे. माझ्याच्याने तो ड्रॉवरमध्ये बघवत नाही. माया ठेव असं लिहायला हात धजत नाही.
सिव


ग्रानवोग, १६ ऑगस्ट १९८८

चि. सिव हिस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी जे लिहिलं असतं ते पोस्टमनच्या हातात द्यायच्या लायकीचं नव्हतं. दोन दिवस मी लाकडं फोडली. आता दोन हिवाळे पुरतील.

तिसऱ्या दिवशी रायफल घेऊन वाळूच्या खाणीत गेले. टोपणाला हात न लावता शंभर मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. पाचही कॉफीच्या डब्याच्या झाकणाखाली मावतील अशा, फक्त चौदा सेंटिमीटर वर. मी तिथेच ओंडक्यावर बसले आणि रडले. मग टोपण काढलं, चौदा घरं मोजत खाली आले, आणि पुढच्या पाच नेमक्या मधोमध लागल्या. तुस्सा माझ्याकडेच राहील. तोरवाल्डला सांगितलं तर म्हणाला की बरं झालं, तिचं खाणं त्याला परवडलं नसतं.

तुझं पत्र याच पाकिटात परत येतंय. ते मी कुणाला दाखवलेलं नाही. शनिवारच्या गाडीने ये. रविवारी बैठकीत कॉफी झाली की ते तू उभी राहून वाचायचं आहेस. आवाज फुटला नाही तर थांब, पाणी पी, पण तुझ्यासाठी मी वाचणार नाही. मग मी माझी चार नंबरची जागा मागेन. तू यंदा रायफलीशिवाय, तुस्साची दोरी धरून चालायचंस. नवी दुर्बीण दुकानात परत कर. चमचा मी ठेवून घेतलाय, कॉफी त्यानेच ढवळते. नेम तुझा चांगलाच होता.

माझ्याही वाटणीचं लिहिते. रायफल दुसऱ्याच्या हातातून आली की जंगलात जाण्याआधी वाळूत एक गोळी झाडून बघायची, हा नियम गटाला मीच घालून दिलाय. त्या सोमवारी मी ती झाडली नाही. तुझा हात मला दुसऱ्याचा वाटलाच नव्हता.

यापुढे तुझ्या हातातून आली तरी एक गोळी झाडीन. वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होते. पण थोडं वाटू दे.

लोभ होता तेवढाच आहे.
गुनबोर्ग आत्या