पोटात निजलेले जंत

अब्बा, परवा कापूरहोळला एसटीची वाट बघताना शेजारच्या बाईंनी विचारलं, काय काम करता. म्हटलं, शेळ्यांच्या पोटातले जंत बघते. त्या जरा सरकूनच बसल्या. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता.

तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होतात, आणि आपण वेल्ह्यात खोली घेऊन राहायचो. तुमचा शिरस्ता ठरलेला: भर उन्हाळ्यात वाडीवाडीवर फिरून शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, म्हणजे पावसाळ्यात घोर नको. मी आठवीत होते त्या वर्षीही पाजलंत, आणि आषाढात तोरण्याखालच्या वाडीतली एक म्हातारी आपली शेळी घेऊन दारात उभी. शेळीच्या जबड्याखाली पाणी उतरलेलं, पापणी उलटली तर आत पांढरीफटक. "तुमी औशीद न्हाई, पाणी पाजलं," ती म्हणते. "माज्या चार मेल्या. औशीद इकून खाल्लं का?" मागे सगळी वाडी उभी. तुम्ही हळूच म्हणता, "आक्का, म्या माज्या हातानं पाजलंय. अल्ला बघतोय." एवढंच. त्या वाडीनं पुन्हा तुम्हाला गोठ्यात पाऊल ठेवू दिलं नाही, आणि तुम्ही जाईपर्यंत ती गोष्ट तुमच्या मनातून गेली नाही.

औषध खरं होतं, अब्बा. चुकली ती वेळ. कोरड्या दिवसांत हे जंत आपली वाढ थांबवून पोटाच्या अस्तरात निजून राहतात, आणि निजलेल्यांना ते जुनं औषध फारसं बाधत नाही. पाऊस पडला, गवत आलं की सगळे एकदम उठतात आणि रक्त पितात. कधी निजायचं, कधी उठायचं, यात त्यांच्या जनुकांचा हात असतो. काहींची झोप पिढ्यान्‌पिढ्या जास्त पक्की. कोणतं जनुक निजवतं आणि कोणतं उठवतं, ते मी शोधते. अजून पुरतं हाती लागलेलं नाही. पण औषध खरं होतं, वेळ चुकली, एवढं गेल्या महिन्यात त्या वाडीत जाऊन सांगून आले. म्हातारी आता नाही. तिची सून म्हणाली, "मंजी तुमचं वडील खरंच बोलत हुतं." मला तिथंच रडू आलं.

हे पत्र टाकायचं कुठं? आणि पत्ता असता तरी पुढचं लिहायला धजले नसते. म्हातारी दारात बोलत होती तेव्हा मी आत जाऊन तुमच्या पिशवीतली त्याच औषधाची बाटली उघडली आणि बोट बुडवून चाखलं. कडूजहर होतं. माणसं अजून अंगणातच होती, आणि मी बाहेर येऊन काही बोलले नाही.