खड्डा रिकामा आहे

५ तारीख, सोमवार
दुपारी पोचलो. पाणथळीच्या काठावर पर्यटकांसाठी माहिती केंद्र बांधायचं आहे, त्याचा सुपरवायझर म्हणून रुजू झालो. इमारत बारा खांबांवर उचललेली असेल, म्हणजे पाणमांजरांची वाट खालून मोकळी राहील. खोली पत्र्याची, पण स्वच्छ आहे. खिडकीतून पाणी दिसतं. बरं वाटलं. बायको जाऊन दोन महिने झाले, घरात बसवत नव्हतं. मुलीचा फोन आला, बाबा, जेवलात का. जेवलो म्हणालो.

६, मंगळवार
वनरक्षकाने नियम सांगितला. त्याला सगळे मामा म्हणतात. पाणमांजरांची पिल्लं खांबांसाठी खणलेल्या पायाच्या खड्ड्यात पडतात. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी सुपरवायझरने शिडीने तळाला उतरायचं, कोपरे हाताने चाचपायचे, वर येऊन वहीत 'खड्डा रिकामा आहे' लिहून सही करायची. वरून पाहून चालत नाही, तळाशी अंधार असतो. मिस्त्री म्हणाला, मामा, आता साहेबांनाही बिळात घाला.

९, शुक्रवार
सहा खड्डे झाले, सहा वेळा उतरलो. गुडघे भरून आलेत. सातव्याला काँक्रीटची गाडी येऊन उभी होती. वरूनच वाकून पाहिलं. बाराव्यापर्यंतच्या सह्या एकदमच करून टाकल्या.

१०, शनिवार
सकाळी पाणमांजराची मादी सातव्याच्या काँक्रीटवर बसलेली. हाकललं तरी हलेना. मामाने वही पाहिली. विचारलं, उतरला होतात ना साहेब. हो म्हणालो.

१२, सोमवार
मादी गेली. सातव्यावर पाणी मारताना खालून टकटक आली. दोनदा.
शेवटी शेवटी हिचा आवाज गेला होता. मला बोलवायचं तर पलंगाच्या दांडीवर अंगठी दोनदा वाजवायची. त्या दिवशीही वाजवली असेल. मी बाहेर बाकावर पेंगत होतो. नर्सने विचारलं तेव्हा म्हणालो, आत्ताच बघून आलो. बघितलं नव्हतं.

१३, मंगळवार
मिस्त्रीला कान लावायला सांगितलं. म्हणाला, काही नाही, साहेब, चार दिवस लेकीकडे जाऊन या.
आता प्रत्येक खड्ड्यात उतरतो. कोपरे दोनदा चाचपतो.

१५, गुरुवार
सातवा गप्प झाला. आठव्यातून येतंय. तिथे तर मी उतरलो होतो— रिकामा होता—

१६, शुक्रवार
सकाळी दहाव्यातून. दुपारी अकराव्यातून. बारावा उघडा आहे.
मामाला सातव्याचं खरं सांगितलं. तो म्हणाला, शेवटच्यात तरी नीट बघा.

१७, शनिवार
गाडी आली. मिस्त्रीची माणसं चहाला गेलीत. बाराव्याच्या तळातून— दोनदा. वरून काही दिसत नाही.
ड्रायव्हर म्हणतो, वहीत सही आहे की. थांब म्हणालो. गाडीच्या घरघरीत ऐकलं की नाही, कोण जाणे.
या वेळी वरून बघणार नाही.
शिडी लावली. ही डायरी काठावर विटेखाली ठेवतो. चष्मा खिशात. कोपरे चाचपून वर आलो की लिहीन, खड्डा—