पाहुणीचे बूट

१४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! बहिणीच्या घराचं दार फुगलं होतं, खांद्याने ढकलून उघडावं लागलं. आत तोच जुना वास, तेलाचा आणि साबणाचा. मागच्या अंगणात ऑलिव्हची झाडं फळांनी वाकली आहेत. शेजारची होरीक भिंतीवरून ओरडली, आलीस होय गं, त्या नाजूक बोटांनी फळं पाडणार की झाडांना इस्त्री करणार? ती पंचाहत्तरची, मी एकोणसाठची. तिच्या लेखी मी अजून पोरगीच.

सीमेपलीकडचं सैन्य आमच्या अफ्रीन भागात शिरल्यापासून रिकामं घर दिसलं की त्यांचे टोळीवाले ते बळकावतात. म्हणून मी राहायला आले, असं सगळ्यांना सांगायचं. खरं कारण फक्त होरीकला ठाऊक आहे. बहीण गेल्यावर मी वाढवलेली तिची मुलगी पेलशीन समोरच्या डोंगरात आहे, लढणाऱ्यांबरोबर. गावाला वाटतं, ती जर्मनीत शिकते. टोळीवाल्यांना कळलं तर घर जाळतात आणि घरातल्या माणसाला घेऊन जातात. नेलेलं माणूस अजून कुणी परत आलेलं नाही.

१७ ऑक्टोबर

पेलशीनसाठी कापडी बूट आणले होते. बुटाच्या जिभेच्या, नाडीखालच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला लाल दोऱ्याने ४३ शिवलं. हलब शहरात शिकताना नन्सच्या वसतिगृहात माझ्या प्रत्येक कपड्यावर हाच आकडा असायचा. आकडा शिवलेली वस्तू हरवत नाही, म्हणायच्या सिस्टर. त्यांच्या बोटांना मेणबत्तीचा वास यायचा.

होरीकने बूट सरपणाच्या मोळीतून डोंगरात पोचवले आणि निरोप आणला. बूट बसले. आणि मावशीला म्हणावं, शिडीवर चढू नको, पडलीस तर मला खाली येऊन तुझे पाय चेपावे लागतील.

किती तरी दिवसांनी हसले.

२१ ऑक्टोबर

टोळीचा म्होरक्या अबू लैस कॉफीला आला. तिशीचा, बोलायला गोड. मला मावशी म्हणाला. बूट दारात काढून आत आला, हे मला आवडलं.

जाताना पाहतो तर बूट बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवलेले. हसला. मावशी, मला हाकलताय की काय? मी समजावलं, उलट मान आहे हा. पाहुणा निघताना त्याला धडपड नको, म्हणून घरची बाई बूट फिरवून ठेवते. आई म्हणायची, ज्याचे बूट आतच तोंड करून राहिले त्याची त्या घरातून सुटका नाही. त्याने विचारलं, कोणाचेही फिरवता? मी म्हटलं, परक्याचे आठवणीने फिरवावे लागतात. आपल्या माणसाचे असले की हात आपोआप जातो, डोळे मिटलेले असले तरी.

त्याने नीट ऐकून घेतलं, हुशार विद्यार्थ्यासारखं. तीस वर्षं शिकवलं मी. असं ऐकणारं कुणी भेटलं की अजून बरं वाटतं.

२८ ऑक्टोबर

सकाळी डोंगरवाल्यांनी तेलाच्या घाण्याजवळच्या वळणावर टोळीची गाडी उडवली. पाच मेले. अर्ध्या तासात बाकीचे गावात शिरले आणि घाण्यावर काम करणाऱ्या दोघा भावांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. थोरल्याच्या हातात अजून तेलाचं फडकं होतं. आम्हाला बघायला उभं केलं. रक्त उतारावरून तेलाच्या पन्हाळीत गेलं आणि तेलाखाली साचत राहिलं.

दुपारी सीमेपलीकडून विमानं आली. समोरचा डोंगर तासभर फुटत होता. मी ऑलिव्ह निवडत बसले. तीच टोपली चारदा निवडली.

३० ऑक्टोबर

डोंगरातून ट्रकभर प्रेतं आणून चौकात टाकली. चेहरे जळून एकसारखे झालेले. ओळखा म्हणाले. कुणी ओळखलं नाही. मीही पाहिलं. माणूस कळत नव्हतं, बाई की बाप्या तेही नाही. पाय मात्र सगळ्यांचे उघडे होते. बूट काढून घेतले होते.

कशाला, ते कळलं नाही.

२ नोव्हेंबर

कळलं.

दारोदारी बुटांचे जोड ठेवले आहेत, मेलेल्यांचे, टाचा रस्त्याकडे आणि तोंड घराकडे. प्रत्येक जोड दिवसभर एका दाराशी, संध्याकाळी उचलून पुढच्या दाराशी. समोर गाडीत बसून ते बघत असतात, कोणती बाई वाकते.

४ नोव्हेंबर

झेलूख. कोपऱ्यावरच्या घरातली सून. हातात कणिक होती. कुणाशी तरी बोलत बोलत बाहेर आली, वाकली, बूट फिरवले आणि आत गेली. तिला कळलंसुद्धा नाही. मग आतून तिची किंकाळी ऐकू आली.

नवऱ्याचे होते.

तिला गाडीमागे बांधून घाण्यापर्यंत ओढत नेलं. घर पेटवलं, सासू आत असताना. अबू लैस माझ्या दारावरून गेला तेव्हा छातीला हात लावून म्हणाला, मावशी, तुमचा धडा कामी आला.

प्रार्थना करायला बसले. शब्द आठवेनात.

६ नोव्हेंबर

गावात आता कुणी कुणाचे बूट फिरवत नाही. नवऱ्याचे नाही, बापाचे नाही. बायका हात काखेत धरून दाराबाहेर येतात.

होरीक आली. तिच्या दाराशी काल संध्याकाळपासून कापडी बूट होते. शिव्या घालत गटारात लाथाडले म्हणाली, आपलं कुणी नाही हे त्यांना खरं वाटलं. मग माझा हात धरला. बुटाच्या जिभेच्या आत लाल दोरा आहे, पोरी. उद्या तुझ्या दारात येतील. हात मागे बांध, जीभ चाव, पण वाकू नकोस. ती डोंगरात गेली ती तुझ्या जिवासाठी नाही, पण तुझा जीव गेलेला तिला चालणार नाही.

मी विचारलं, खरंच ४३ आहे का?

ती म्हणाली, मला वाचता कुठे येतं.

७ नोव्हेंबर

आले.

मी बूट ओलांडून बाहेर गेले. ओलांडून आले. एकदाही पाहिलं नाही.

८ नोव्हेंबर

काल संध्याकाळीच बूट उचलून न्यायला हवे होते. नेले नाहीत. अबू लैस दाराशी आला. म्हणाला, मावशी, मेल्याचे बूट दिसले की प्रत्येक बाई एकदा तरी बघतेच. तुम्ही नाही पाहिलंत.

त्याने गाडी समोर लावली आहे. डाळिंब सोलून खातोय.

९ नोव्हेंबर

सकाळी जिन्यावर ठसे. अनवाणी पायांचे, तांबडे, ओले. वर येणारे. खाली जाणारे नाहीत.

पुसले. दुपारी पुन्हा.

१० नोव्हेंबर

ती माझ्या खोलीत आहे. खिडकीपाशी. चेहरा नाही— जळलेलं काहीतरी— पण उभी राहण्याची ढब तिचीच, एका पायावर भार टाकून. भर उजेडात. बोलत नाही. दाराकडे जाते, उंबऱ्यापर्यंत, तिथून परत. पुन्हा जाते. परत.

पाय जळलेत. बूट हवेत तिला. तोंड आत आहे त्यांचं, म्हणून—

मी कानावर उशी धरली. भाजलेल्या पायांचा आवाज कसा येतो ते मला—

११ नोव्हेंबर

पुन्हा दारापर्यंत. परत.

होरीक भिंतीपलीकडून— नाही, पोरी, नाही—

मी वाढवली हिला. पहिले बूट मी घातले. उजवा, डावा, शाबास, आता चाल.

१२ नोव्हेंबर

फिरवले.

सावकाश वाकले, दोन्ही हातांनी, अबू लैसकडे बघत. बुटाची जीभ बाहेर ओढून आकडा पाहिला. ४३. हरवली नव्हती. टाचा जुळवल्या, तोंड रस्त्याकडे केलं. त्याच्या हातातलं डाळिंब खाली पडलं.

वर येऊन लिहायला बसले आहे. खोली रिकामी आहे. जिन्यावर खाली जाणारे ठसे आहेत, वाळत आलेले. खिडकीतून पाहिलं— उंबऱ्यापाशी बूट नाहीत. गेली ती. डोंगराच्या बाजूला धूळ—

गाडीची दारं वाजली. चार जण. होरीक ओरडतेय.

जिन्यावर आहेत. या वेळी कुणी बूट दारात काढले ना—