पाल दोनदा चुकचुकली

सरावली, डहाणू
१२ जानेवारी २०२५

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. थंडी बरी पडलीये, चिकू गोड आहेत, सोबत पाठवलेत. दोन दिवस पिकू दे, लगेच कापायला बसू नकोस. चिकूंखाली जुन्या टॉवेलात गुंडाळलेली काळी डबी आहे, ती आपटू नकोस. फोनवरच सांगितलं असतं, पण "अण्णा, गोळी घेतली का?" यापुढे तू जातेस कुठे!

तर ऐक. आपला कॉम्प्युटर महिनाभर कुरकुरत होता. फोल्डर उघडायला सांगून चहा करून यावं, तरी गोल फिरतोच आहे. तुझ्या लग्नाचा एक फोटो अर्धा करडा झाला. मी म्हटलं, वय झालं त्याचं, माझंही झालंय. आतून टक् टक् यायचं, तेही मनावर घेतलं नाही. वाटलं, पाल आहे.

हसू नकोस. पाल होतीच. तुझ्या आईने एकदा तुझ्यासाठी उकडहंडीची कृती रेकॉर्ड केली होती. "मुक्ता, कोनफळ सोलण्याआधी हाताला तेल लाव," म्हणाली आणि भिंतीवर पाल चुकचुकली. लगेच आमच्या लतिकाबाईंनी टेबलावर बोट आपटून "कृष्ण कृष्ण"! मग म्हणे, पालीचं हे पोरीला नको पाठवायला, पुन्हा करू. ते राहिलंच. त्याच वर्षी दिवाळीनंतर ती गेली.

मी कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो असं तुला सांगतो ना? पत्ते कसले! रोज जेवण झालं की हेच ऐकतो.

परवाही ऐकत होतो. पाल चुकचुकली, कृष्ण कृष्ण झालं. पुढे ओव्यापर्यंत आलो आणि पुन्हा टक् टक्. ही मात्र गप्प! छे, लतिका आणि पालीला सोडेल? आवाज खोक्यातून येत होता.

शेजारच्या स्वप्नाला हाक मारली. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आल्या आल्या झापलंच तिने, "काका, सारखं चालू-बंद करू नका, डिस्क जायला आलीये. सगळ्यात आधी काय हवंय ते सांगा." मी म्हटलं, हिचा आवाज. तीच फाइल आधी उतरवली, मग बाकीचं. मध्येच अडकली तेव्हा मी बोट आपटत बसलो होतो. "काका, टेबल हलवू नका," पुन्हा ओरडली. पण आली गं, अख्खी आली! तुझ्या लग्नातले थोडे फोटो गेले. त्यात बरेचसे मामा जेवतानाचे होते, म्हणजे फार नुकसान नाही. आता नवी डिस्क बसवलीये.

एक प्रत दुसऱ्या घरी असावी, असं स्वप्ना म्हणते. म्हणून ती डबी. उकडहंडी करशील तेव्हा लाव. रडू आलं तर रड, पण आधी हाताला तेल लाव.

आणि पाल चुकचुकली की तूही बोट आपट. इकडे आम्ही आपटतोच आहोत.

तुझे,
आई-अण्णा