दारावरच्या अनुस्वाराबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, बाजारपेठ विभाग.

विषय : ज्यू प्रार्थनागृहाच्या दारावरील मजकुराबाबत मी दिलेला खोटा जबाब रद्द करून नवा नोंदवणे व प्रशस्तिपत्र परत घेणेबाबत.

संदर्भ : माझा दि. ३ चा जबाब, आपले दि. १२ चे प्रशस्तिपत्र.

महोदय,

१. उपरोक्त विषयान्वये अर्ज करतो की, माझे पाट्या रंगवण्याचे दुकान सदर प्रार्थनागृहाच्या बरोबर समोर आहे. दि. २ रोजी दुपारी दारावर कोणी लिहिले, असे हवालदारांनी विचारले असता "मी जेवायला गेलो होतो," असे मी सांगितले. ते धादांत खोटे आहे. मी शिडीवर होतो. लिहिणारे तिघे होते, त्यांतला एक माझा सख्खा मेहुणा. रंग व ब्रश माझ्याच दुकानातले.

२. एवढेच असते तर कदाचित मी गप्प राहिलो असतो. परंतु "ज्यूनो, चालते व्हा" असे लिहून मेहुण्याने हाक मारली, "भावोजी, बरोबर आहे का?" मी म्हणालो, "अनुस्वार राहिला." ते हसले, मीही हसलो, आणि रस्ता ओलांडून ते टिंब मी दिले. साहेब, तीस वर्षे हेच काम केल्याने चुकलेले अक्षर डोळ्यांना खुपते. त्या ओळीतले बाकी काहीच खुपले नाही, याची लाज वाटते.

३. प्रार्थनागृह सांभाळणारे मास्तर माझ्या मुलीला गणित शिकवतात. दार रंगवायला त्यांनी मलाच बोलावले. मी दोन हात मारले. टिंब तरीही दिसत राहिले, म्हणून तिसरा मारला.

४. त्या शनिवारी मौलवी, पाद्री व पुजारी आपापली माणसे घेऊन आले आणि आतली प्रार्थना संपेपर्यंत हातात हात धरून दाराबाहेर उभे राहिले. "पेंटर, या, इथे जागा आहे," असे पाद्री म्हणाले. न जावे तर संशय येईल, म्हणून गेलो. नंतर मास्तर माझ्यापुढे थांबून म्हणाले, "तू समोर असतोस, म्हणून धीर वाटतो." पुढे आपण सर्वांना प्रशस्तिपत्रे दिलीत. माझ्या पत्रात 'निर्भीड' असा शब्द आहे.

५. जबाब बदलण्यासाठी मी दोनदा आलो. "प्रकरण मिटलं, घरच्या माणसाला कशाला गोवता?" म्हणून हवालदारांनी परत पाठवले. बायको म्हणते, "माझ्या भावाला आत घाला, मग माझ्या हातचं जेवा." तिचेही चूक म्हणवत नाही. परंतु ते लिखाण मशिदीतल्या माणसांचे, असे मेहुणा आता सांगत फिरतो, आणि काल मौलवींच्या जावयाला भर रस्त्यात चौघांनी मारले. माझ्या गप्प बसण्याचे वळ दुसऱ्याच्या पाठीवर उठले.

६. आज सकाळी मास्तरांना सर्व सांगितले. ते उठले. मग चप्पल घालत म्हणाले, "माफीचं नंतर बघू. आधी मौलवींकडे चल." तेथे हेच सर्व पुन्हा, जावयासमोर सांगितले. सध्या मास्तर व मौलवी आपल्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसले आहेत.

तरी माझा जबाब आजच घ्यावा आणि आरोपी तीन नसून चार धरावेत, ही विनंती.

आपला नम्र व अपराधी,
(सही)
पाट्या रंगवणारा
दि. १९

सोबत : प्रशस्तिपत्र, मूळ प्रत (बायकोने करून घेतलेल्या चौकटीसह).